युद्ध लागलं की ट्रॅक्टर कुठं जातो? टंचाई, बिनपावतीचा बाजार आणि दूरवरून बंद पडलेलं इंजिन

युक्रेनच्या दक्षिणेला मेलितोपोल नावाचं शहर आहे. आजूबाजूला गहू आणि सूर्यफुलाचा पट्टा, जमीन काळी आणि कसदार. फेब्रुवारी २०२२ च्या शेवटी रशियाचं सैन्य या शहरात शिरलं. पुढच्या काही आठवड्यांत तिथल्या जॉन डिअरच्या एका डीलरच्या आवारातून ट्रॅक्टर, हार्वेस्टर आणि पेरणी यंत्रं ट्रेलरवर चढवून नेण्यात आली. मे २०२२ मध्ये जगभर आलेल्या बातम्यांनुसार एकूण २७ यंत्रं गेली, किंमत ५० लाख डॉलरच्या आसपास. त्या वेळच्या दराने हा आकडा ३८ कोटी रुपयांच्या घरात जातो. त्यातली काही यंत्रं रस्त्याने सुमारे १,१०० किलोमीटर लांब चेचन्यापर्यंत पोहोचली.

पण तिथं गेल्यावर ती सुरूच होईनात. यंत्रांत जीपीएस होतं, त्यामुळे ती कुठल्या गावात उभी आहेत हे मूळ डीलरला घरबसल्या दिसत होतं. इंजिनही लांबूनच बंद करून टाकलं होतं. तीन-तीन लाख डॉलरचा हार्वेस्टर तिथं नुसता उभा राहिला. त्यानंतरची बातमी अशी होती की, हे कुलूप तोडून देणारा जाणकार शोधणं सुरू आहे आणि नाहीच जमलं तर सुटे भाग विकले तरी पैसे निघतील.

ही बातमी आपल्याकडेही व्हॉट्सॲपवर फिरली, चार दिवस हसणं झालं आणि विषय संपला. युक्रेनचा शेतकरी ट्रॅक्टरने रणगाडा ओढत नेतो, तो व्हिडिओ तर जवळपास प्रत्येकाने पाहिला असेल. युक्रेनच्या टपाल खात्याने त्याच वर्षी त्यावर तिकीटही काढलं. पण या गमतीच्या मागे एक जुना आणि गंभीर प्रश्न आहे. युद्ध लागलं की शेतीच्या यंत्राची टंचाई का होते, ते यंत्र अधिकृत दुकानातून गायब होऊन कुणाच्या वाड्यात जातं आणि त्याची खरी किंमत शेवटी कोण मोजतं?

कारखाना तोच, माल दुसरा

ट्रॅक्टर आणि रणगाडा हे एकाच घरातले दोन भाऊ म्हटले तर चूक ठरणार नाही. दोघांनाही तेच जाड पोलाद, तसलंच इंजिन, तसलाच गिअरबॉक्स आणि तेच कसबी कामगार लागतात. म्हणून युद्ध लागलं की सरकारची नजर पहिल्यांदा ट्रॅक्टरच्या कारखान्यावर जाते.

याचं सगळ्यात ठळक उदाहरण त्याच भूमीतलं आहे. खार्किव्हचा ट्रॅक्टर कारखाना १९३१ मध्ये सुरू झाला. १९४१ मध्ये जर्मन फौजा जवळ आल्या तेव्हा त्याची यंत्रसामग्री उचलून पूर्वेकडे हलवावी लागली. स्टालिनग्राडचा ट्रॅक्टर कारखाना टी-३४ रणगाडे बनवू लागला आणि १९४२ मध्ये तर त्याच्याच आवारात लढाई झाली. चेल्याबिन्स्कच्या कारखान्यातून इतके रणगाडे बाहेर पडले की लोक त्या शहराला ‘टँकोग्राड’ म्हणू लागले. रणगाडे झाले, पण तेवढी वर्षं शेतासाठी नवा ट्रॅक्टर जवळजवळ मिळालाच नाही. जे जुने होते त्यातले चांगले सैन्याने तोफा ओढायला नेले. गावातले चालक लढाईवर गेले. मागे राहिल्या बायका, म्हातारे, पोरं आणि गाई. कित्येक ठिकाणी गाई जुंपून, नाहीतर बायकांनी स्वतः ओढून नांगर चालवला.

पाशा अँगेलिना हे नाव तिकडे घराघरात माहीत होतं. दोनेत्स्क भागातल्या स्तारोबेशेवे गावची ही बाई. १९३३ मध्ये तिने फक्त बायकांची ट्रॅक्टर तुकडी उभी केली आणि पुढे एक लाख मैत्रिणींनी ट्रॅक्टरवर बसावं अशी हाक दिली. युद्धात त्या शिकलेल्या बायकांनीच शेती तगवली. तिचं ते गाव आज पुन्हा युद्धाच्या पट्ट्यात आहे. आणि खार्किव्हचा तो कारखाना २०२२ मध्ये हल्ल्याच्या सुरुवातीच्या काळातच आगीत सापडला.

म्हणजे नवा माल बंद होतो. पण टंचाईचं तेवढंच कारण नसतं. गावातले तरुण सैन्यात गेले की मजूर मिळत नाही, मग यंत्राची गरज वाढते. धान्याचा भाव चढतो, म्हणून शेतकऱ्याच्या हातात पैसाही येतो. इकडं माल निम्म्यावर आणि तिकडं गिऱ्हाईक दुप्पट. बिनपावतीच्या बाजाराला यापेक्षा चांगली जमीन कुठली?

अमेरिकेतलं लिंकिंग

अमेरिकेसारख्या श्रीमंत देशातही दुसऱ्या महायुद्धात हेच घडलं, आणि तिथला अनुभव जास्त शिकण्यासारखा आहे. कारण तिथं बाँब पडत नव्हते, सरकार जागेवर होतं, कायदा चालू होता. तरीही ट्रॅक्टरचा काळाबाजार झाला.

१९४२ च्या अखेरीस अमेरिकन सरकारने शेती यंत्रांवर रेशनिंग आणलं. पोलाद वाचवायचं म्हणून १९४३ साठी नव्या यंत्रांच्या उत्पादनाचा सुरुवातीचा कोटा १९४० च्या एक चतुर्थांशापेक्षाही खाली आणला, नंतर तो थोडा वाढवावा लागला. रबराची अवस्था त्याहून वाईट होती. मलाया आणि आजूबाजूचा रबराचा मुलूख जपानच्या हातात गेला होता. त्यामुळे ट्रॅक्टर पुन्हा लोखंडी चाकांवर आला. फोर्ड कंपनीचं १९४२ चं २एन मॉडेल बघा. रबरी टायर नाही, बॅटरी नाही, सेल्फ स्टार्टर नाही. हँडल मारून चालू करायचा. आपल्या आजोबांच्या पिढीत डिझेल इंजिन हँडल मारून चालू करणाऱ्यांना ते दुःख कळेल.

नवा ट्रॅक्टर हवा असेल तर तालुक्यासारख्या पातळीवरच्या समितीकडे अर्ज करायचा. समितीत बहुतेक स्थानिक शेतकरीच असत. जमीन किती, पीक कोणतं, जुनं यंत्र किती मोडकं, शेजाऱ्याकडून भाड्याने मिळतं का, हे पाहून परवाना मिळे. ही पद्धत कागदावर चांगली होती आणि बऱ्याच ठिकाणी प्रत्यक्षातही बरी चालली. कारण कुणाचा ट्रॅक्टर खरंच बसलाय आणि कोण उगाच रडतोय, हे गावातल्या माणसाला अधिकाऱ्यापेक्षा जास्त ठाऊक असतं. अर्थात, गावातल्याच माणसाला भाऊबंदही असतात.

नव्यावर परवाना आला म्हटल्यावर सगळी गर्दी जुन्या ट्रॅक्टरवर पडली. शेती मोडणाऱ्याचा किंवा मुलगा सैन्यात गेल्यामुळे आवरतं घेणाऱ्याचा लिलाव असला की लांबून लोक येत. किंमत फार चढू नये म्हणून सरकारने जुन्या यंत्रांनाही कमाल भाव ठरवून दिला. मग गंमत अशी व्हायची की पहिल्याच बोलीला दहा-पंधरा जण तोच कमाल भाव पुकारायचे. पुढं बोली लावायला जागाच नाही. शेवटी टोपीत चिठ्ठ्या टाकून एकाला ट्रॅक्टर द्यायचा.

चिठ्ठीवर ज्यांचं समाधान होत नव्हतं त्यांनी दुसरी वाट काढली. ट्रॅक्टर सरकारी भावातच, पावतीही त्याच भावाची. पण सोबत एक जुनाट नांगर घ्यायचा, आणि त्या नांगराला असा भाव की विचारू नका. कुठं सोबत काहीच नाही, नुसते पैसे टेबलाखालून. किमतींवर लक्ष ठेवणाऱ्या अमेरिकन खात्याला अशा जोडविक्रीवर बंदी घालावी लागली.

हे वाचून कुणाला आपल्या कृषी सेवा केंद्राची आठवण झाली तर ती चुकीची नाही. युरियाची ४५ किलोची गोणी सरकारी दराने २६६ रुपये ५० पैशांना. पण ती हवी असेल तर सोबत नॅनोची बाटली, नाहीतर सूक्ष्म अन्नद्रव्याचं पाकीट घ्या. आपण त्याला लिंकिंग म्हणतो. वस्तू बदलते, देश बदलतो, युक्ती तीच राहते. भावाला झाकण घातलं आणि माल मात्र वाढवला नाही, की झाकणाच्या कडेनं वाफ निघतेच.

मग झाकणच घालू नये का? तसंही म्हणता येत नाही. ब्रिटनमध्ये त्याच काळात वेगळा मार्ग काढला गेला. तिथल्या जिल्हा पातळीवरच्या युद्धकालीन शेती समित्यांनी स्वतःकडे ट्रॅक्टर आणि अवजारं ठेवली आणि छोट्या शेतकऱ्यांची नांगरणी-कापणी भाड्याने करून दिली. आपल्याकडच्या अवजार बँकेसारखंच काहीतरी. ट्रॅक्टर कुणाच्या मालकीचा, यापेक्षा पेरणी वेळेत झाली का, हे तिथं महत्त्वाचं ठरलं. त्या समित्यांचा जाच कमी नव्हता, नीट न कसणाऱ्याची जमीनही ताब्यात घेता येत होती. पण यंत्र कमी आणि माणसं जास्त असतील तेव्हा वाटून वापरणं हा विकत घेण्यापेक्षा स्वस्त उपाय आहे, एवढं त्यातून दिसलं.

एक आकडा मात्र विचार करायला लावतो. रेशनिंग असूनही अमेरिकेतले शेतातले ट्रॅक्टर १९४० च्या सुमारे १६ लाखांवरून १९४५ मध्ये साधारण २४ लाखांवर गेले. म्हणजे ट्रॅक्टर अजिबात नव्हते असं नाही. होते, वाढतही होते, पण मागणी त्याहून जोरात पळत होती. टंचाई म्हणजे नेहमी गोदाम रिकामं असणं नव्हे. रांगेत कोण पुढं आहे, हा प्रश्न जास्त मोठा असतो.

रशियात उलटंच झालं

आता आजच्या युद्धाकडे. मार्च २०२२ मध्ये जॉन डिअरने रशिया आणि बेलारूसला माल पाठवणं थांबवलं. इतर पाश्चात्त्य कंपन्यांनीही एकेक करून हात आखडते घेतले, काहींनी तिथला धंदा विकून टाकला. रशियातल्या मोठ्या शेतांवर हिरव्या-पिवळ्या, लाल आणि निळ्या परदेशी यंत्रांची सवय लागलेली. एकेक शेत हजारो हेक्टरचं. तिथं हंगामात एक हार्वेस्टर दोन दिवस उभा राहिला तर नुकसान किती, हे सोयाबीन भिजलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

रशियन सरकारने यावर जे केलं ते ऐकण्यासारखं आहे. मार्च २०२२ च्या अखेरीस त्यांनी ‘समांतर आयात’ कायदेशीर केली आणि मे महिन्यात कोणकोणत्या ब्रँडचा माल असा आणता येईल याची यादी काढली. सोप्या भाषेत सांगायचं तर, कंपनी माल देत नसेल तर कंपनीला न विचारता तिसऱ्या देशातून तोच माल आणा, तुम्हाला कुणी कोर्टात खेचणार नाही. कालपर्यंत ज्याला चोरवाट म्हणत होते तिला सरकारनेच रस्त्याचा दर्जा दिला.

या रस्त्यावर माल येतो, पण हात वाढतात. तिसऱ्या देशातला व्यापारी, तिथला एजंट, वाहतूकदार, पैसे फिरवून देणारा, शेवटी स्थानिक विक्रेता. प्रत्येकजण आपला वाटा ठेवून घेतो. सगळ्यात वाईट म्हणजे कंपनीची वॉरंटी सुटते. उद्या पंप गेला, सेन्सर जळला, तर विचारायचं कुणाला? विकणारा म्हणतो मी फक्त आणून दिला. कंपनी म्हणते आम्ही तुम्हाला विकलाच नाही. दोघंही खरं बोलतात आणि शेतकरी मध्ये उभा राहतो.

परदेशी ट्रॅक्टर महाग झाल्यावर जागा भरली ती शेजारच्या बेलारूसच्या ट्रॅक्टरनी आणि चीनच्या नव्या ब्रँडनी. बेलारूस हे नाव आपल्याकडच्या जुन्या माणसांना अनोळखी नाही, एके काळी तो ट्रॅक्टर भारतातही आयात व्हायचा. रशियाने देशी कारखान्यांना आधार म्हणून परदेशी यंत्रांवरचं शुल्कही वाढवलं. सगळ्यांना वाटलं, आता देशी कारखानदाराची चांदी.

पण घडलं भलतंच. युद्धाचा खर्च आणि महागाई आवरताना रशियाच्या मध्यवर्ती बँकेने ऑक्टोबर २०२४ मध्ये व्याजदर २१ टक्क्यांवर नेला. बँकेचाच दर एवढा, म्हटल्यावर सवलतीचं कर्ज न मिळालेल्या शेतकऱ्याचं कर्ज त्याच्याही वर. त्यात गव्हाच्या निर्यातीवर २०२१ पासून बदलता कर आहे. बाहेर भाव चढला तर वरचा मलिदा सरकार काढून घेतं. कांद्याच्या ४० टक्के निर्यातशुल्काचा २०२३ चा अनुभव असलेल्या आपल्या शेतकऱ्याला हे दुखणं लगेच कळेल. शेतकऱ्याने ट्रॅक्टर-हार्वेस्टर घेणंच थांबवलं. रोस्तोवचा रोस्तसेलमाश हा तिथला हार्वेस्टरचा सगळ्यात मोठा कारखाना. त्याने २०२५ च्या वसंतात उत्पादन घटवलं आणि मे महिन्यात सुमारे १५ हजार कामगारांना एकदम रजेवर पाठवलं. यंत्रं आवारात उभी आणि गिऱ्हाईक नाही.

तीन वर्षांत चाक पूर्ण फिरलं. २०२२ मध्ये पैसा होता, यंत्र नव्हतं. २०२५ मध्ये यंत्र आहे, पैसा नाही. शेतकऱ्याच्या बाजूने पाहिलं तर दोन्ही वेळेला शेत तसंच राहिलं.

युक्रेनमध्ये ट्रॅक्टर आहे, पण शेतात सुरुंग

युक्रेनची गोष्ट वेगळी. तिथं यंत्रं नुसती महाग झाली नाहीत, ती जळाली, चोरीला गेली, सुरुंगावर फुटली. कीव्ह स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स या संस्थेने २०२२ च्या अखेरपर्यंतचा जो अंदाज काढला, त्यात पूर्ण किंवा काही अंशी नुकसान झालेल्या शेती यंत्रांची संख्या ८० हजारांच्या वर होती. एखाद्या जिल्ह्यातले सगळे ट्रॅक्टर एका वर्षात गेले तर कसं, असा विचार करून बघा.

तिथल्या मोठ्या कंपन्यांनी युरोपातून जुनी यंत्रं आणून वेळ मारून नेली. छोट्या शेतकऱ्याची पंचाईत झाली. बँक तारणाशिवाय कर्ज देत नाही, आणि आघाडीजवळची जमीन तारण घ्यायला कुठली बँक तयार होईल? शिवाय ट्रॅक्टर मिळाला तरी तो चालवणारा सैन्यात. खार्किव्ह भागातल्या एका शेतकऱ्याने तर मोडलेल्या रशियन लष्करी गाड्यांचे जाड पत्रे काढून आपल्या ट्रॅक्टरला बसवले आणि तो लांबून रिमोटवर चालवून शेतातले सुरुंग काढायला सुरुवात केली. सरकारी पथकाची वाट बघत बसला असता तर पेरणीचे आणखी किती हंगाम हुकले असते कोण जाणे.

इथं एक विचित्र योगायोग सांगण्यासारखा आहे. मेलितोपोलच्या चोरांना जे कुलूप तोडता येईना, तसलं कुलूप तोडणारं सॉफ्टवेअर युद्धाच्या कितीतरी आधीपासून युक्रेनमध्येच बनत होतं, आणि त्याचे गिऱ्हाईक होते अमेरिकेतले शेतकरी! २०१७ मध्ये याच्या बातम्या आल्या होत्या. कारण साधं होतं. नव्या ट्रॅक्टरचा एखादा पार्ट बदलला तरी कंपनीच्या संगणकाने मान्यता दिल्याशिवाय तो सुरू होत नाही. अधिकृत मेकॅनिक यायला दिवस लागतात आणि त्याचं बिल वेगळं. म्हणून स्वतःच्या मालकीच्या, पूर्ण पैसे फेडलेल्या ट्रॅक्टरसाठी शेतकरी चोरबाजारातलं सॉफ्टवेअर घेत होते. पुढे हा प्रश्न इतका पेटला की कोलोरॅडो राज्याने २०२३ मध्ये शेतकऱ्याला यंत्र स्वतः किंवा हव्या त्या मिस्त्रीकडून दुरुस्त करण्याचा हक्क देणारा कायदा केला. जानेवारी २०२५ मध्ये तर अमेरिकेच्या केंद्रीय व्यापार आयोगाने जॉन डिअरविरुद्ध दुरुस्तीच्या मक्तेदारीवरून खटला भरला.

चोराच्या हातातला ट्रॅक्टर बंद पडला तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पण तेच बटण उद्या हप्ता थकलेल्या शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरवरही दाबता येतं, आणि दोन देशांचं भांडण झालं तर एका देशाच्या सगळ्या ट्रॅक्टरवरही दाबता येऊ शकतं. ही भीती युरोपातही आता उघड बोलली जाते.

आपल्या घरची रांग

आपल्याकडे ट्रॅक्टरची टंचाई नाही. देशात वर्षाला नऊ लाखांच्या आसपास ट्रॅक्टर विकले जातात, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून त्यावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. शोरूमवाला घरी येऊन बसतो, अशी परिस्थिती. पण हे कायम असंच नव्हतं.

स्वातंत्र्यानंतर सरकारने सेंट्रल ट्रॅक्टर ऑर्गनायझेशन काढलं ते महायुद्धानंतर मागे राहिलेल्या अमेरिकन सैन्याच्या जुन्या ट्रॅक्टरवर. मध्य भारतातल्या कांस गवताने माजलेल्या जमिनी त्यांनी मोडायला घेतल्या आणि १९४९ मध्ये त्यासाठी जागतिक बँकेकडून एक कोटी डॉलरचं कर्जही घेतलं. १९६१-६२ मध्ये संपूर्ण देशात तयार झालेले ट्रॅक्टर होते फक्त ८८०. आजच्या एखाद्या बऱ्या जिल्ह्यात दिवाळीच्या आसपास निघतील एवढे.

हरितक्रांती आली, मागणी उसळली, आणि परकीय चलन तर नव्हतंच. १९६२, १९६५ आणि १९७१ अशा तीन लढायांनी तिजोरी आणखी आवळली. लढाईपेक्षा डॉलरचा तुटवडा हे मोठं कारण होतं, हेही तितकंच खरं. मग १९६७ मध्ये ट्रॅक्टरच्या किमतीवर नियंत्रण आलं आणि १९७१ मध्ये वाटप आणि विक्रीवरही. आयात ट्रॅक्टर राज्यांच्या कृषी उद्योग महामंडळांमार्फत वाटले जात. नंबर लावायचा आणि वाट बघायची. जिथं रांग तिथं प्रीमियम, हे सूत्र इथंही लागू झालं. ज्याचा नंबर लागला तो ट्रॅक्टरपेक्षा नंबराची किंमत जास्त समजायचा. रांगेत पुढं कोण होतं हे वेगळं सांगायची गरज नाही. ज्याच्या घरी जीप होती त्याच्याच दारात पहिला ट्रॅक्टर आला, हे बहुतेक गावांत आजही म्हातारी माणसं नावानिशी सांगतील.

ती रांग संपली कशी? छापे घालून नाही. एचएमटीने १९७१ मध्ये पिंजोरला झेटरच्या साहाय्याने ट्रॅक्टर सुरू केला, १९७४ मध्ये देशी बनावटीचा स्वराज आला, आधीपासूनचे कारखाने वाढले. माल मुबलक झाला, प्रीमियम आपोआप मेला.

म्हणून आजच्या युद्धांचा फटका आपल्याला ट्रॅक्टरच्या रूपात बसत नाही, तो बसतो खताच्या रूपात. तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले झाले, बोटी आफ्रिकेला वळसा घालून येऊ लागल्या, चीनने निर्यातीला लगाम लावला, आणि इकडं डीएपीची १,३५० रुपयांची गोणी २०२४ च्या रब्बीत शोधावी लागली. ज्या तालुक्यात कृषी विभागाने दुकानातला साठा आणि पॉस मशीनवरचा साठा रोज जुळवून फलकावर लावला, तिथं ओरड कमी झाली. जिथं ते झालं नाही तिथं गोणी रात्रीच निघून गेल्या. अमेरिकेतल्या त्या समित्यांचाही अनुभव हाच आहे. कुणाला काय मिळालं हे चारचौघांना दिसत असेल तर टेबलाखालचा व्यवहार अवघड होतो.

बिनपावतीची दुसरी सवय मात्र टंचाई नसतानाही आपल्याकडे आहे. जुना ट्रॅक्टर शंभर-पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर विकायचा, आरसी बुक जुन्याच मालकाच्या नावावर ठेवायचं, हप्ते नव्याने भरायचे. ओळखीत चालून जातं. पण सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या निकालात स्पष्ट सांगितलं आहे की, आरटीओच्या दप्तरी ज्याचं नाव तोच मालक, आणि अपघाताच्या भरपाईची जबाबदारीही त्याचीच. त्या प्रकरणात गाडी एकापाठोपाठ एक अशी अनेक हातांतून गेली होती, तरी भरपाई आली ती कागदावर नाव असलेल्या पहिल्या माणसावर. ऊस वाहतुकीच्या दिवसांत, रात्री, विना रिफ्लेक्टरच्या दोन ट्रॉल्या मागे लावून जाणारा ट्रॅक्टर नक्की कुणाच्या नावावर आहे, हा प्रश्न अपघातानंतरच विचारला जातो. फॉर्म २९ आणि ३० भरायला आणि बँकेचा बोजा उतरवून घ्यायला जे दोन-तीन हेलपाटे लागतात, ते वाचवण्यासाठी विकणारा माणूस एवढी जोखीम अंगावर घेतो.

मेलितोपोलच्या त्या २७ यंत्रांचं पुढं काय झालं, ती शेतात चालली की सुट्या भागांत विकली गेली, याची नोंद कुठल्याही पावतीवर नाही. युक्रेनमधल्या डीलरकडे मात्र प्रत्येक यंत्राचा चेसिस नंबर आहे.